वजा एक मीटर

आमचे हे भित्रे आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, लेकीसमोर सांगते, जावयासमोरही सांगून झालंय, तेव्हा इथे सांगायला माझं काय जातंय! कुत्र्याला भितात. लिफ्टला भितात. शेगडी पेटवायची तर काडी हातभर लांब धरून मान मागे वळवतात. पण सगळ्यात जास्त भितात ते रस्ता ओलांडायला. साठी उलटलेला माणूस, पण समोर रस्ता आला की माझं मनगट असं आवळतो की वळ उठतात.

आणि काम काय करतात? तर अपघाताच्या जागा मोजतात.

कुठे गाडीनं कुणाला उडवलं की यांना बोलावणं येतं. हे जातात, टेप लावतात. ब्रेक दाबल्यावर चाकं फरफटत जातात त्या काळ्या घसरखुणा, डांबरावरचे ओरखडे, फुटलेल्या काचा, सगळं जवळच्या एखाद्या खांबापासून मोजायचं आणि त्याचा नकाशा काढून शपथेवर कोर्टात द्यायचा. वकील मंडळी यांना मोजमास्तर म्हणतात. तीस वर्षांत चारशेच्या वर नकाशे झाले. मी भित्रे म्हटलं की म्हणतात, "अगं, चारशे वेळा माणूस कुठे पडला ते मोजलंय मी. मला भीती नाही वाटणार तर काय गुदगुल्या होणार?"



कोर्टाची भाषा तर घरातल्या चपलांसारखी पायात असते. दूध उतू गेलं की शेगडीपाशी उभे राहून निकाल देणार, "गॅस मोठा ठेवलास हा तुझा निष्काळजीपणा. मी बघत होतो आणि बंद केला नाही, हा माझा सह-निष्काळजीपणा. सत्तर-तीस." सत्तर अर्थातच माझे. सह-निष्काळजीपणा म्हणजे काय, तर दुसऱ्यानं धडक दिली तरी ज्याला लागलं त्याचंही थोडं चुकलंच होतं, असं ठरवायचं आणि जेवढं त्याचं चुकलं तेवढी त्याची भरपाई कापायची. लेक लहानपणी सायकलवरून पडली, गुडघा सोलवटला, तर हे फुंकर घालता घालता तिला विचारतात, "टाळण्याची शेवटची संधी कुणाकडे होती?" पोरगी रडायची थांबली आणि म्हणाली, "खड्ड्याकडे, बाबा." बरं झालं! माझ्यावर गेलीय ती.

टेपेचं दुसरं टोक धरायला यांच्याकडे पूर्वी एक माणूस होता. तो सोडून गेला तेव्हापासून, म्हणजे आठ वर्षं, ते टोक मी धरते. टेप जुनी. तिचं तोंड कधीच तुटून गेलंय, शून्याचा आकडाच शिल्लक नाही. म्हणून मी एक मीटरची खूण खांबाला टेकवून धरायची आणि ओरडायचं, "धरलं!" पलीकडे हे ओणवे होऊन आकडा वाचणार, त्यातून एक वजा करणार आणि उरलेलं वहीत लिहिणार. वाचलेला आकडा लिहायचा नाही, फक्त उत्तर. मी म्हणायची, "अहो, वजाबाकी मांडा तरी." तर म्हणे, "एक वजा करायला काय कागद लागतो? पहिलीतली पोरं करतात." भित्रा माणूस, पण या एका बाबतीत भारी ताठा.

लेकीनं यांच्या वाढदिवसाला नवी कोरी टेप आणून दिली. स्टीलची, टोकाला हूक असलेली, शून्य लखलखीत. यांनी "छान आहे" म्हणून ती पिशवीच्या तळाशी घातली आणि जुनीच वापरत राहिले. जुनी हाताला बसलीय म्हणे.

आता मुद्द्यावर येते. यांच्या कोर्टातल्या साक्षीच्या दोन दिवस आधी गाडीवाल्याच्या विमा कंपनीच्या वकिलाचा फोन आला. हा माणूस बोलायला इतका गोड की मी त्याला साखरतोंड्या म्हणते. "मास्तर, आमचा सगळा भर तुमच्या नकाशावर आहे बरं का. येताना टेपही घेऊन या, समोरचे काहीबाही विचारतील." प्रकरण दोन वर्षांपूर्वीचं. बेकरीत काम करणारी एक बाई पहाटे कामावर निघाली होती, तिला गाडीनं उडवलं. ती झेब्राच्या पट्ट्यांवर होती की पट्टे सोडून चालत होती, एवढाच वाद. पट्ट्यांवर असेल तर चूक सगळी गाडीवाल्याची. पट्ट्यांबाहेर असेल तर सह-निष्काळजीपणा, तिचाच. नकाशात यांनी दाखवलं होतं, धडकेचा ओरखडा पट्ट्यांच्या बाहेर पंचावन्न सेंटीमीटर.

मी पिशवी झटकायला घेतली. तळातून नवी टेप निघाली. हुकावर हिरवा रंग वाळून बसला होता.

मी म्हटलं, हा कुठला रंग? आणि मग आठवलं.

ही जागा मोजायला गेलो त्या सकाळी तिथला खांब नुकताच हिरवा रंगवला होता. माझी बाही त्याला लागून खराब झाली होती आणि मी त्या रंगाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, म्हणून तो दिवस मला लख्ख आठवतो. आधी जुन्या टेपेनं पट्ट्यांच्या दोन्ही कडा मोजल्या. पट्टे मधोमध चाकांनी पार झिजून गेले होते, रंग फक्त कडेला तेवढा उरला होता. मग ओरखडा मोजायला हे रस्त्यात उतरले, आणि एक सामानाची गाडी यांच्यापासून वीतभर अंतरावरून सूंकन गेली. खाली पडलेली टेप चाकाखाली सापडून मधोमध तुटली. हे कडेला येऊन उभे राहिले ते लटलट कापत.  मी पाणी पाजलं, पिशवीतून नवी टेप काढली आणि तिचा हूक खांबाला अडकवला. शून्यावर. आणि नेहमीसारखी ओरडले, "धरलं!"

यांनी वाचलं आणि नेहमीसारखं एक वजा केलं.

दुसऱ्या दिवशी यांनी जुनी टेप पत्र्याची पट्टी ठोकून जोडली आणि नवी पुन्हा तळाशी गेली. त्या टेपेनं उभ्या आयुष्यात एकच माप घेतलं होतं, आणि तेच चुकलं होतं.

वही काढून बघितली. पट्टे खांबापासून बारा चाळीसला सुरू होत होते. ओरखडा अकरा पंच्याऐंशी. त्यात गिळलेला एक मीटर मिळवा, बारा पंच्याऐंशी. मला शाळेत गणितात कधी धड गुण पडले नाहीत, पण एवढं कळत होतं. बाई पट्ट्यांवर होती.

मी मटकन खालीच बसले. हे बाहेर चटईवर बसून पेन्सिलीला टोक करत होते. "काय गं, काय पडलं?" "काही नाही," म्हटलं, "पिशवी पडली." तीस वर्षांच्या संसारात यांच्याशी खोटं बोलायची मला कधी गरज पडली नव्हती. यांना सगळंच खरं वाटतं, मग खोटं बोलण्यात मजा ती काय!

दोन दिवस मी तोंड शिवून होते. रस्त्यावर नवीन डांबर पडलंय, पट्टे नव्यानं मारलेत. ओरखडा आता देवालाही सापडणार नाही. जगात ही गोष्ट एकट्या मलाच माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडली तर काय होईल? शपथेवर दिलेला नकाशा खोटा ठरेल. खोट्या पुराव्याला काय शिक्षा असते हे मी यांच्याच तोंडून ऐकलेलं. लिफ्टमध्ये दोन मजले न जाऊ शकणारा माणूस बंद खोलीत कसा राहील? भाजी चिरताना तेच, कपडे घडी करताना तेच. भीती मला कधी माहीत नव्हती असं नाही, पण ती यांच्या वाटणीची होती, मी नुसती हसायची. आता ती माझ्या वाटणीला आली होती आणि हे मात्र मजेत म्हणत होते, "साधी साक्ष आहे. कर नाही त्याला डर कशाला?"

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. समोरच्या बाकावर ती बाई होती.

मी तिला ओळखलं ते काठीवरून. कागदात मी तिच्याबद्दल वाचलं होतं, "उजव्या पायास कायमचे अंशतः अपंगत्व." असले शब्द मी आठ वर्षं ऐकतेय. अंशतः म्हटलं की मला आपलं वाटायचं, चला, थोडक्यात निभावलं. तिचं पाऊल बाहेरच्या बाजूला वळून जमिनीवर ठेवल्यासारखं पडलं होतं. कुणी येऊ-जाऊ लागलं की ती दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय आत घ्यायची. चारदा घेतला. पाचव्यांदा शिपाई त्यावरून ओलांडून गेला.

माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "अहो."

"हं."

"त्या दिवशी शेवटचं माप नव्या टेपेनं घेतलं होतं. मी हूक लावला होता. शून्यावर."

पुढचं मला सांगावंच लागलं नाही. यांचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ हलले, बोटं मांडीवर हलली. मग अगदी हळू म्हणाले, "बारा पंच्याऐंशी." आणि मग, "आत."

"परवाच कळलं मला. सांगायला धीर झाला नाही. अहो, रस्ता नवा झालाय, कुणाला काही..."

"आता बोलू नकोस," ते म्हणाले. आणि तेवढ्यात यांच्या नावाचा पुकारा झाला.

हे उठले. पिशवी उचलली. दाराशी जाऊन एकदा वळून बघितलं, माझ्याकडे नाही, त्या बाईकडे. मग आत गेले आणि दार लागलं.

खरं सांगते, लाज वाटते पण सांगते. मी मनात म्हणत होते, देवा, यांना गप्प बसव. समोर ती बाई बसलेली, तिचा पाय माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी असं मागत होते. माणूस आपल्या माणसापायी इतका हलका होतो. आणि मला खात्रीही होती की हे गप्पच बसतील. कुत्रं भुंकलं की माझ्यामागे लपणारा माणूस भर कोर्टात काय तोंड उघडणार!

अर्धा तास गेला. मग शिपायानं मलाच हाक मारली. "टेप धरणाऱ्या बाई कोण? आत चला."

 मला कशाला? आत न्यायाधीशबाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. साखरतोंड्याच्या तोंडावरची साखर विरघळली होती, का ते मला कळेना. हे खोलीच्या एका बाजूला खाली मान घालून उभे. मला शपथ दिली.

"तुम्ही यांच्याबरोबर टेप धरता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो."

"इथे धरून दाखवा. या टेबलाची लांबी मोजायची आहे. एकमेकांकडे बघायचं नाही. रोज जसं करता तसं करा."

आधी जुनी टेप दिली. मी एकची खूण टेबलाच्या कडेला टेकवली. "धरलं!"  पलीकडून हे म्हणाले, "तीन चाळीस. वजा एक. दोन चाळीस."

"आता ही."

नवी टेप माझ्या हातात आली. हुकावरचा हिरवा रंग तसाच.

तेव्हा मला उमगलं की सगळं आता माझ्या दोन बोटांवर आहे. यांनी आत काय सांगितलं असेल? भ्यायलेल्या माणसाला एकच वाक्य पुरलं असतं, 'आम्ही कोणतीही टेप सवयीनं एकावरच धरतो.' तसं म्हणाले असतील, आणि मी हूक लावला, तर मी स्वतःच्या हातानं यांना खोटारडं ठरवणार. एकावर धरली, तर नकाशा खरा, हे सुखरूप, आणि बाहेरची बाई जन्मभर पट्टे सोडून चालणारी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत.  बघायचं नाही म्हटलं होतं तरी मी बघितलंच. हे पलीकडे नेहमीसारखे ओणवे झाले होते, चष्मा कपाळावर, डोळे टेपेच्या आकड्यांवर. माझ्याकडे लक्षच नव्हतं. आठ वर्षं हा माणूस असाच वाकतोय. मी काय धरलंय ते त्यानं कधी वळून तपासलं नाही, आणि आजही तपासत नव्हता.

मी हूक कडेला अडकवला. आणि आठ वर्षांत कधी न म्हटलेला शब्द म्हणाले, "शून्यावर धरलं!"

 मग पलीकडून आवाज आला.

"दोन चाळीस," हे म्हणाले. आणि घसा खाकरून, "वजा काही नाही."

साखरतोंड्या ताडकन उठला. "हे नवरा-बायकोनं बाहेर बाकावर ठरवून आणलंय!" न्यायाधीशबाई त्याला म्हणाल्या, "स्वतःचंच नाव बुडवायचं कुणी ठरवून येतं का? यांनी अर्ध्या तासापूर्वी स्वतःहून सांगितलं, तुम्ही फक्त 'मापं बरोबर आहेत ना' एवढं विचारलंत तेव्हा." मी यांच्याकडे बघतच राहिले. मला तिथल्या तिथे भोकाड पसरावंसं वाटलं.

पण म्हणून सुटलो असं नाही. नकाशा रद्द झाला. यांना न्यायाधीशबाईंनी सरळ सांगितलं की कोर्टाच्या यादीतल्या नावावर काट मारली जाईल, जुने नकाशे पुन्हा तपासले जातील, आणि इतकं महत्त्वाचं माप वजाबाकी न मांडता लिहिणं हा गुन्हा धरायचा की हलगर्जीपणा, ते पुढे कळवू. हे प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे" म्हणत होते. 

बाहेर आलो तर ती बाई काठीवर रेलून उभी. तिच्या वकिलानं तिला घाईघाईत काहीतरी सांगून आत धाव घेतली होती आणि तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. तिनं यांनाच विचारलं, "काय झालं हो आत? ते सह की काय ते, लागलं का मला?"

मला वाटलं, आता हे सुरू होणार, प्रथमदर्शनी, पुराव्याअंती. पण हे साधंच बोलले. "नाही. तुम्ही पट्ट्यांवरच होता. माप माझं चुकलं होतं."

 ती म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते. दवाखान्यात सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. मग तुमचा नकाशा आला. इतका नीट काढलेला, बारीक बारीक आकडे घातलेले. मला वाटलं, एवढं मोजून काढलेलं कसं चुकेल? मीच झोपेत चालले असेन. दीड वर्ष झालं, लेक शाळेत निघाली की सांगते, आईसारखं पट्टे सोडून चालू नकोस हं."

हे भिंतीला टेकले. डोळे भरून आले होते. "चूक माझी," म्हणाले. "शंभर टक्के."

"तीस माझे," मी म्हटलं.

"शंभर," ते म्हणाले, आणि यावेळी मी वाद घातला नाही.

बाईनं काठी काखेत धरली आणि ओढणीनं तोंड पुसलं. "मग हे जरा लिहून द्याल का?" ती म्हणाली. "कोर्टाचं नको. लेकीला दाखवायला."

यांनी वही काढली. मी वही खालून धरली. तीस वर्षांत पहिल्यांदाच यांनी गणित पूर्ण मांडलं. वाचलेलं माप, बारा पंच्याऐंशी. त्याखाली, वजा शून्य. रेघ मारली. त्याखाली पुन्हा, बारा पंच्याऐंशी. आणि बाजूला लिहिलं, तुझी आई पट्ट्यांवर होती.